ब्रश दिसला की दिवाणाखाली पळणाऱ्या छोट्या कुत्र्याला ग्रूमिंगची सवय कशी लावायची

घरात शिह त्झू, ल्हासा, माल्टीज, पॉमेरेनियन असं काहीतरी छोटं आणि केसाळ आहे, एरवी मांडीवरून उतरत नाही पण ब्रश हातात घेतला की गुरगुरतं नाहीतर दिवाणाच्या अगदी मागच्या कोपऱ्यात जाऊन बसतं, अशांसाठी हे लिहितेय. आमची बर्फी शिह त्झू आहे, मोठी झाल्यावर आमच्याकडे आली, आधीच्या घरी तिला धरून-दाबून केस कापलेले होते आणि त्यामुळे कात्रीचा नुसता आवाज आला तरी तिचं अंग कडक व्हायचं. आता ती योगा मॅटवर आडवी पडून ब्रश करून घेते. नखांना अजून थोडी कटकट करते, पण करून घेते.

एक गोष्ट आधीच सांगते कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. ग्रूमिंग करणं, म्हणजे ब्रश, केस, नखं, अंघोळ वगैरे, आणि ग्रूमिंगची सवय लावणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती एकाच वेळी होत नाहीत. सवय लावायला बसलात की केस सुटले का, नखं झाली का हे बघायचंच नाही. कुत्रं शांत असताना थांबलो का, एवढंच बघायचं. "आता बसलोच आहोत तर एवढा पाय संपवून टाकू" या एका वाक्याने आठवड्याभराची मेहनत पाण्यात जाते.

१. आधी व्हेटकडे (जनावरांच्या डॉक्टरकडे)

कुत्रं नखरे करतंय असं आपण धरून चालतो, पण बऱ्याचदा त्याला खरंच दुखत असतं. छोट्या जातींमध्ये मागच्या पायाची गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास खूप आढळतो, असं कुत्रं मागचा पाय उचलू देत नाही. कानात इन्फेक्शन असेल तर डोक्याजवळ हात नेला की चावायला येतं. दात-हिरड्या दुखत असतील तर तोंडाला हात लावू देत नाही. ही दुखणी असताना कितीही चिकन खाऊ घाला, काही उपयोग नाही. त्यामुळे एकदा कान, दात, कातडी, गुडघे, नखं तपासून घ्या आणि व्हेटला स्पष्ट सांगा की हे कुत्रं हात लावू देत नाही. फारच घाबरणाऱ्या कुत्र्यांसाठी व्हेट काही वेळा भीती कमी करणारं औषध देतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र आपल्या मनाने, घरातली माणसांची गोळी अर्धी करून वगैरे अजिबात देऊ नका.

२. गाठी झाल्या असतील तर आधी त्या घालवा

शिह त्झू-ल्हासाचे केस आपल्यासारखे वाढतच राहतात आणि गळलेले केस खाली न पडता आतच अडकतात, म्हणून गाठी होतात. साधारण आठ महिने ते वर्षाच्या दरम्यान पिल्लाचे केस जाऊन मोठेपणीचे येतात तेव्हा तर एका रात्रीत गाठी झाल्यासारखं वाटतं. जागा ठरलेल्या असतात: कानामागे, काखेत, हार्नेसच्या पट्ट्याखाली, शेपटीच्या बुडाशी, मागच्या मांड्यांच्या आत. वरून हात फिरवला तर मऊ लागतं, पण बोटं कातडीपर्यंत घातली की आत नमद्यासारखा घट्ट थर लागतो.

असा थर असेल तर तो विंचरून काढायच्या भानगडीत पडू नका. कातडी ओढली जाते, दुखतं, आणि ब्रश म्हणजे दुखणं हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. सरळ एकदा सगळे केस बारीक करून टाका आणि शून्यापासून सुरुवात करा. कुत्रं फार घाबरत असेल तर हे व्हेटकडेच, गरज पडल्यास गुंगी देऊन करून घ्यावं. आमच्याकडे यावरून घरात बराच वाद झाला, सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढे सुंदर केस, भादरून कसली टाकतेस तिला?" पण केस परत येतात, आणि तोपर्यंत सवय लावायला निवांत वेळ मिळतो.

दोन गोष्टी इथे महत्त्वाच्या. कात्रीने गाठ कापायची नाही, कारण गाठीबरोबर कातडी वर ओढली जाते आणि कापली जाते, अशा जखमांना टाके पडतात. आणि पॉमेरेनियन असेल तर सगळे केस बारीक करायचा सल्ला तुम्हाला लागू नाही! त्यांचे केस दोन थरांचे असतात, वस्तरा लावल्यासारखे बारीक केले तर पुन्हा नीट येतीलच याची खात्री नसते. त्यांच्या गाठी ग्रूमरकडून थोड्या थोड्या सोडवून घ्या.

३. काय काय लागेल

- स्लिकर ब्रश, छोटा आणि मऊ पिनांचा. आपल्या हाताच्या आतल्या बाजूवर फिरवून बघा, ओरखडे आले तर तो घेऊ नका.
- स्टीलचा कंगवा, एका बाजूला विरळ आणि एका बाजूला दाट दाते असलेला. एकच वस्तू घ्यायची असेल तर ही घ्या.
- केस सोडवायचा स्प्रे. कोरड्या केसांवर ब्रश केला की केस तुटतात.
- छोट्या कुत्र्यांचा नेलकटर, कात्रीसारखा. सोबत रक्त थांबवायची पावडर, ती नसेल तर घरातलं कॉर्नफ्लोअर.
- कुत्र्यांचाच शाम्पू. त्यांच्या कातडीचा पीएच आपल्यापेक्षा वेगळा असतो, बेबी शाम्पूसुद्धा रोजचा पर्याय नव्हे. आणि टी ट्री ऑइल "नॅचरल आहे" म्हणून लावू नका, कुत्र्यांना ते विषारी ठरू शकतं.
- योगा मॅट किंवा रबरी पायपुसणं.
- चाटायची रबरी मॅट, जिच्यावर दही किंवा भोपळ्याचा गर फासता येतो. पीनट बटर वापरणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) लिहिलेलं नाही ना ते बघा, ते कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.
- खाऊ. हा रोजच्या बिस्किटांपेक्षा भारी हवा, उकडलेलं चिकन किंवा पनीर, आणि तुकडे अर्ध्या मटाराएवढे. पाच किलोच्या कुत्र्याचं पोट लगेच भरतं, त्यामुळे दिवसभराच्या खाण्यातलं दहा टक्क्यांपेक्षा जास्त खाऊत जाऊ देऊ नका. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा यातलं काहीही नाही.

कागदपत्रं म्हणाल तर लसीकरणाचं पुस्तक, त्यात रेबीजची आणि बाकीच्या लसींची चालू तारीख. ग्रूमिंग पार्लरवाले ते मागतात, आणि जे मागत नाहीत त्यांच्याकडे मी तरी नेणार नाही.

४. जागा आणि वेळ

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये टाइल्स गुळगुळीत असतात आणि पाय सरकला की कुत्रं आणखी घाबरतं. म्हणून खाली मॅट, आणि ती मॅट फक्त याच कामासाठी. टेबलवर, वॉशिंग मशीनवर उभं करू नका. छोट्या कुत्र्यांनी तेवढ्या उंचीवरून उडी मारली तरी पुढचा पाय मोडू शकतो. तुम्ही खाली मांडी घालून बसा.

वेळ फिरून आल्यानंतरची, जेवणाच्या थोडी आधीची. दिवाळीत फटाके चालू असताना किंवा गणपतीत खाली ढोल वाजत असताना हे करूच नका, त्या दिवसांत सुट्टी. एक बैठक दोन-तीन मिनिटांची. दिवसातून दोनदा केलं तर उत्तम, पण एकदाच वीस मिनिटं केलं तर ते वाईट.

५. नुसता हात

ब्रश कपाटात ठेवा. पहिले काही दिवस फक्त हात लावायचा आणि खाऊ द्यायचा. खांद्याला हात, खाऊ. पाठीला हात, खाऊ. मग पायाच्या वरच्या भागाला, मग हळूहळू पंजाकडे. पंजा, शेपटी, कान, तोंड हे सगळ्यात शेवटी.

क्रम मात्र चुकवू नका, आधी हात आणि मग खाऊ. बहुतेक घरांत उलटं होतं, आधी चिकन दाखवून कुत्र्याला बोलावतात आणि ते खात असताना गुपचूप पाय पकडतात. मग काय होतं, चिकन दिसलं की आता काहीतरी वाईट होणार हे त्याला कळतं आणि ते चिकनलाही घाबरायला लागतं. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हच्या प्रयोगातल्या कुत्र्याला घंटेनंतर खाणं मिळायचं, म्हणून घंटा ऐकली की लाळ सुटायची. आपल्याला हाताची घंटा करायचीय.

चाटायची मॅट यात कुठे बसते, तर ती नंतर, सवय झाल्यावर वेळ काढायला उपयोगी पडते. सुरुवातीपासूनच ती दिली तर कुत्रं चाटण्यात गुंतलेलं असतं आणि मॅट संपली की एकदम भानावर येऊन दचकतं.

६. "नको" कसं म्हणतं ते ओळखा

कुत्रं एकदम चावत नाही, आपल्याला आधीचं काही दिसलेलं नसतं. भरल्या पोटी, समोर खायला काही नसताना जीभ नाकावरून फिरवणं. झोप आलेली नसताना जांभई. मान फिरवून घेणं पण डोळे आपल्या हातावर ठेवणं, तेव्हा डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसते. एक पुढचा पाय उचलून धरणं. आणि सगळ्यात फसवं म्हणजे दगडासारखं स्थिर बसणं. लोक म्हणतात "बघा किती शहाण्यासारखं बसलंय", पण बर्फीचं मी जवळून पाहिलंय, तोंड घट्ट मिटलेलं, मिशा ताठ, श्वास थांबल्यासारखा, आणि पुढ्यात ठेवलेला चिकनचा तुकडा तसाच. खाऊ खात नाही म्हणजे भीती हद्दीबाहेर गेलीय, तिथेच थांबायचं आणि पुढच्या वेळी दोन पायऱ्या मागून सुरू करायचं.

गुरगुरल्याबद्दल ओरडू नका. गुरगुरणं ही त्याने दिलेली सूचना आहे, ओरडून ती बंद पाडली तर पुढच्या वेळी सूचना न देता चावेल.

इथे एक खेळ फार कामाला येतो, ब्रिटनमधले ट्रेनर चिराग पटेल यांचा बकेट गेम. एका छोट्या डब्यात खाऊ ठेवायचा आणि डबा समोर ठेवायचा. कुत्रं डब्याकडे बघतंय तोपर्यंत हात लावायचा आणि मधूनमधून डब्यातला खाऊ द्यायचा, त्याने नजर काढून तुमच्याकडे किंवा तुमच्या हाताकडे वळवली की लगेच हात मागे. थोड्या दिवसांत त्याच्या लक्षात येतं की नजर फिरवली की हे थांबतात, आणि थांबवणं आपल्या हातात आहे हे कळलं की गंमत म्हणजे ते कमी वेळा थांबवतं. घरातल्या सगळ्यांनी नियम सारखा पाळला तरच हे चालतं. "जरा धर ना तिला, दोन मिनिटांचं तर काम आहे" असं म्हणणारं एक माणूस प्रत्येक घरात असतं, त्यांना चहा करायला पाठवा.

७. ब्रश

ब्रश मॅटजवळ नुसता पडू द्या. कुत्र्याने हुंगला की खाऊ. मग ब्रशची मागची, बिनपिनांची बाजू खांद्याला टेकवा, खाऊ. मग एक हलका हात पिनांचा, केसांच्या दिशेने, खाऊ. एकच. दुसऱ्या दिवशी दोन.

हे जमलं की खरी पद्धत. वरवर ब्रश फिरवला तर वरचे केस चमकतात आणि आत गाठी तशाच राहतात. त्यासाठी डाव्या हाताने केस वर उचलून धरा म्हणजे कातडीची एक रेघ दिसते, त्या रेघेखालचे केस थोडेसेच, स्प्रे मारून, मुळापासून टोकाकडे विंचरा. झाले की वरची आणखी एक पातळ पट्टी खाली सोडा. असं पायाच्या खालून सुरू करून वर जायचं. शेवटी कंगवा घालून बघायचं, मुळापासून न अडकता बाहेर आला तर तो भाग झाला. छोटी गाठ लागली तर गाठीच्या मुळाशी केस बोटांनी घट्ट धरा म्हणजे ओढ कातडीला लागत नाही, आणि टोकाकडून थोडी थोडी सोडवा. एका बैठकीत एक पाय, बास. चार पाय चार बैठकांत होतात, कोणाला घाई आहे?

पग किंवा तसं आखूड केसांचं कुत्रं असेल तर हा भाग सोपा आहे, रबरी ब्रश चालतो, पण चेहऱ्याच्या घड्या ओल्या राहू देऊ नका.

८. नखं

सगळ्यात कठीण प्रकरण. नखाच्या आत जिवंत भाग असतो, त्यात रक्तवाहिनी आणि मज्जातंतू दोन्ही असतात, तिथे कापलं की दुखतं आणि रक्त येतं. पांढऱ्या नखात तो गुलाबी दिसतो. काळ्या नखात दिसत नाही, म्हणून टोकाचा मिलिमीटर-दीड मिलिमीटर असा पातळ काप घ्यायचा आणि कापलेल्या तोंडाकडे बघायचं, मधोमध गडद ठिपका दिसायला लागला की थांबायचं. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला वर एक अंगठ्याचं नख असतं, ते जमिनीला लागत नाही म्हणून झिजत नाही, गोल वळून कातडीत घुसतं. केसाळ कुत्र्यात ते दिसतही नाही, बोटांनी चाचपून शोधा.

सवयीची पायरी अशी: नेलकटर दाखवा, खाऊ. त्याने कच्ची शेवई किंवा स्पॅगेटी कट्कन तोडा, आवाज झाला की खाऊ. मग पंजा धरून नेलकटर नखाला नुसता टेकवा. मग एक नख, आणि त्या दिवशीचं काम संपलं. एका दिवसाला एक नख हा हिशोब वेडेपणा वाटतो, पण तरी महिन्यात सगळी होतात. नियमित थोडं थोडं कापलं तर आतला जिवंत भागही हळूहळू मागे सरकतो.

नेलकटर मुळीच चालत नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातून ऐंशी किंवा शंभर नंबरचा पॉलिश पेपर आणा, एका फळीवर चिकटवा, फळी तिरकी धरा आणि कुत्र्याला पंज्याने खरवडायला शिकवा. पुढची नखं ते स्वतःच घासून ठेवतं. अंगठ्याचं तेवढं हाताने करावं लागतं.

रक्त आलंच तर पावडर किंवा कॉर्नफ्लोअर नखाच्या टोकावर दाबून दोन-चार मिनिटं धरा. घरभर ओरडाआरडा करू नका, त्याला जखमेपेक्षा तुमच्या आवाजाचीच भीती जास्त वाटते.

९. ट्रिमर आणि ड्रायर

आवाज आणि थरथर या दोन वेगळ्या भीत्या आहेत, वेगळ्याच घालवाव्या लागतात. कुत्रं जेवत असताना ट्रिमर दुसऱ्या खोलीत चालू करा, दार लोटून. जेवण न थांबवता झालं की रोज थोडा जवळ. थरथरीसाठी इलेक्ट्रिक टूथब्रश छान, मागची बाजू अंगाला टेकवायची, कापायची-भाजायची काही भीती नाही. ट्रिमरचं पातं चालू राहिलं की तापतं, मधूनमधून आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा.

१०. अंघोळ

अंघोळीआधी ब्रश, नंतर नाही. गाठ भिजली की आणखी आवळते. बाथरूममध्येही रबरी मॅट टाका, कोमट पाणी मगाने, पायापासून वर. शॉवर नको. डोक्यावर पाणी ओतायचं नाही, तोंड ओल्या कपड्याने पुसायचं. टॉवेलने चोळू नका, दाबून पाणी टिपा. तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे.

पावसाळ्यात रोज ओले पाय होतात, तेव्हा बोटांच्या मधले केस छोटे ठेवा आणि फिरून आल्यावर तिथे खरंच कोरडं झालं का ते बघा, नाहीतर लालसर होतं आणि मग दिवसभर चाटत बसतात. गोचिडाही याच दिवसांत कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात सापडतात. गोचिडांसाठी मानेवर टाकायचं औषध वापरत असाल तर त्याच्या दोन दिवस आधी-नंतर अंघोळ टाळा आणि पाकिटावरची सूचना वाचा.

११. कान, डोळे, दात

थोडक्यात सांगते. कानात बड घालू नका. व्हेटने सांगितलेलं क्लीनर कापसावर घेऊन दिसतो तेवढाच भाग पुसा, वास किंवा तपकिरी चिकट घाण असेल तर पुसत बसू नका, दाखवा. शिह त्झूचे डोळे बाहेर असतात, त्यामुळे डोळ्याजवळ कात्रीचं टोक कधीच नाही. ओल्या कापसाने पुसा आणि केस वर बांधा. डोळा मिटून घेतला किंवा लाल झाला तर त्याच दिवशी व्हेट. दातांना कुत्र्यांचीच पेस्ट, आपली कधीच नाही. छोट्या जातींच्या हिरड्या लवकर बिघडतात म्हणून हा भाग टाळता येत नाही, पण सुरुवात बोटावर पेस्ट चाटवण्यापासूनच करा.

१२. पार्लर

घरी सगळं जमलं तरी कटसाठी ग्रूमर लागतोच. पहिल्या भेटीत काहीच करून घेऊ नका, नुसतं जायचं, वजनकाट्यावर उभं करायचं, ग्रूमरच्या हातून खाऊ आणि परत. फोनवर आधी विचारा: मी समोर थांबू शकते का, ड्रायर पिंजऱ्याला लावून कुत्रं एकटं ठेवता का, कुत्रं घाबरलं तर काय करता. शेवटच्या प्रश्नाला "आम्ही करून टाकतो, काळजी करू नका" एवढंच उत्तर आलं तर दुसरीकडे बघा. गुंगीचं औषध देतो म्हणाले तर तिथून निघाच, ते फक्त व्हेटचं काम. शिह त्झू, पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना गरम हवेत श्वासाचा त्रास लवकर होतो, म्हणून पिंजऱ्याच्या ड्रायरबद्दल खोदून विचारा. टेबलावरचा गळ्यातला पट्टा चालतो, पण त्यात अडकवून कुत्रं सोडून कोणी हलायचं नाही.

बकेट गेमबद्दल ग्रूमरला सांगा, चांगला ग्रूमर ऐकून घेतो. आपला डबा, आपली मॅट बरोबर न्या. "आज फक्त पाय आणि चेहरा, बाकी पुढच्या आठवड्यात" असं सांगायला संकोच करू नका, पैसे पूर्ण घेतले तरी हरकत नाही. घरी आल्यावर काखा, पोट, कानाच्या कडा लाल झाल्यात का ते बघा, कान सारखे झटकत असेल तर व्हेटला फोटो पाठवा. पुढची तारीख चार ते सहा आठवड्यांनी घ्या आणि दिवाळीच्या तोंडावरची नकोच, गर्दीत प्रत्येकाला घाई असते, ती आधीची किंवा थेट तुळशीच्या लग्नानंतरची घ्या.